श्रद्धा चुकीची ठरली तर तिच्यापायी घालवलेले आयुष्य वाया गेले असे म्हणावे का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

देव आहे की नाही हा माझा प्रश्न नाही, आणि या चर्चेत तो वाद कोणी काढू नये अशी विनंती आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखाद्या माणसाने जन्मभर मनापासून श्रद्धा ठेवली, तिच्यासाठी वेळ, पैसा आणि शरीरकष्ट वेचले, आणि ती श्रद्धा ज्या गोष्टीवर उभी होती ती गोष्टच खरी नव्हती असे घटकाभर धरले, तर त्या श्रद्धेचे मोल काय राहते? सगळेच वाया गेले असे म्हणायचे, की खरेखोटेपणापासून वेगळे असे तिचे काही मोल असते?

माझे वडील माळकरी आहेत. रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ, कार्तिकात पहाटेची काकड आरती, एकादशीचा उपवास, गावच्या पारायणाची धावपळ आणि आषाढी जवळ आली की दिंडी, असे त्यांचे आयुष्य चालत आले आहे. माळ घातली तेव्हा त्यांनी दारू सोडली आणि पुन्हा तिला शिवले नाहीत. त्याआधीचे दिवस कसे होते हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आषाढी येते ती नेमकी भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको, की चिखल धरलेले वाफे आणि वाढलेला तरवा माणसांच्या सोयीसाठी थांबत नाहीत. वडील दिंडीत असतात तेव्हा लावणी आई उरकते, मजुरीच्या बायकांना जमवून, गुडघाभर चिखलात वाकून.

मी स्वतः श्रद्धाळू नाही, तरी वडिलांशी वाद घालत नाही. मात्र कीर्तनात पुष्कळदा कानावर पडणारा एक युक्तिवाद मला पटत नाही: देव असला तर कल्याण झाले, नसला तर नाम घेऊन तोटा काय झाला? हा हिशेब वरवरचा आहे असे वाटते, पण त्यात नेमके काय चुकते हे मला मांडता येत नाही. ज्यांनी यावर वाचले आहे, किंवा जवळून काही पाहिले आहे, त्यांनी लिहावे.

शहापूर पेठ (बेळगाव)

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असे, त्यामुळे वैचारिक बाजूने लिहितो.

आपण ऐकलेला युक्तिवाद तत्त्वज्ञानात ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोघांनी पत्रव्यवहारातून जुगारातल्या एका प्रश्नाचा उलगडा केला आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या एका रात्री पास्कलला तीव्र धार्मिक अनुभव आला, आणि पुढचे त्याचे आयुष्य बहुतांशी धर्मचिंतनात गेले. १६६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी तो वारला. त्याने मागे ठेवलेली टिपणे १६७० मध्ये छापली गेली आणि त्यांत हा पैजेचा युक्तिवाद आहे. ईश्वराचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध होत नाही हे पास्कलला मान्यच होते. त्याचे म्हणणे असे, की सिद्ध होत नसले तरी निवड टाळता येत नाही, आणि निवड करायचीच तर एका बाजूला अनंत लाभ आणि दुसऱ्या बाजूला मर्यादित तोटा असताना शहाण्या माणसाने पैज कोणत्या बाजूने लावावी हे उघड आहे.

यातला पहिला दोष बेळगावच्या माणसाला लगेच दिसावा. पास्कलसमोर दोनच पर्याय होते: त्याचा चर्चचा ईश्वर, नाहीतर कोणीच नाही. आपल्या किल्ल्यात तेराव्या शतकाच्या आरंभीची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, उभी आहे, आणि तिथे पूजा करणारे लोक जगाचा निर्माता असा ईश्वर मानीतच नाहीत. जिल्ह्यातला फार मोठा समाज बसवण्णांची परंपरा मानतो आणि इष्टलिंग धारण करतो. कॅम्पात चर्च आहे, गावोगावी दर्गे आहेत, सौंदत्तीला यल्लम्मा आहे. पैज कोणावर लावावी हे पास्कलचे गणित सांगत नाही, कारण त्याने मांडलेले आकडे यांपैकी कोणाच्याही नावाने तसेच्या तसे मांडता येतात.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि आपल्या प्रश्नाच्या मुळाशी तोच आहे. तोटा मर्यादित आहे असे पास्कल म्हणतो, पण तो मर्यादित दिसतो तो समोर अनंत सुख धरले म्हणून. ईश्वर आणि परलोक नाहीत असे ज्या क्षणी गृहीत धरले, त्या क्षणी ती तुलनाही संपली. मग हे एकच आयुष्य माणसाची सगळी पुंजी ठरते, आणि जो तोटा किरकोळ म्हणून बाजूला सारला होता तो सर्वस्वाचा तोटा होऊ शकतो. म्हणून 'नसला तर काय गेले' या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून देता येत नाही. प्रत्येक आयुष्यात काय खर्ची पडले ते पाहावे लागते.

मला स्वतःला पास्कलपेक्षा सुमारे दोन हजार वर्षे जुना असलेला आपल्याकडचा विचार अधिक सकस वाटतो. केसपुत्त नगरीच्या कालामांना बुद्धांनी जो उपदेश केला, त्याच्या शेवटी चार आश्वासने आहेत. ज्याचे मन वैरापासून आणि द्वेषापासून मुक्त झाले आहे तो असा विचार करू शकतो, की परलोक असेल आणि कर्माचे फळ असेल, तर माझी गती चांगलीच होईल; आणि ते नसेल, तरी याच जन्मात मी निर्वैर आणि सुखी आहे. (उरलेली दोन आश्वासने पापाचे फळ असणे आणि नसणे यांबद्दल आहेत.) वरवर पाहता ही पास्कलचीच पैज वाटते, पण येथे पणाला लागते ती वागणूक. कोणाला मानले याचा त्या हिशेबात उल्लेख नाही, आणि लाभ इथल्या इथे हातात पडत असल्याने तो परलोकाच्या असण्यावर टांगलेला राहत नाही. आपल्या वडिलांच्या आयुष्यातला जो भाग या प्रकारचा आहे, म्हणजे दारू सुटणे, घराला स्वास्थ्य येणे, रोज संध्याकाळी चार माणसांत बसून मन मोकळे होणे, तो श्रद्धा चुकीची ठरली तरी वजा करता येणार नाही.

मात्र याच्या विरुद्ध बाजूचा एक आवाज आपण ऐकावा. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचे जहाज जुने झाले आहे, दुरुस्तीची गरज आहे अशी शंका त्याच्या मनात येते, पण इतक्या सफरी नीट झाल्या तशी हीही होईल, ईश्वर प्रवाशांना सांभाळील, अशी तो मनाची समजूत घालतो आणि देश सोडून नव्या ठिकाणी वसायला निघालेल्या कुटुंबांनी भरलेले जहाज समुद्रात सोडतो. ते बुडते. क्लिफर्ड म्हणतो की त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता; आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता. १८९६ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने याला उत्तर दिले, की काही प्रश्न असे असतात ज्यांत पुराव्याची वाट पाहत थांबणे हीदेखील एक निवडच असते, आणि तिथे मनाने कौल देण्याचा माणसाला हक्क आहे. मला दोघांचेही पटते. जहाजात दुसरी माणसे बसलेली असतील तर क्लिफर्ड बरोबर आहे.

आरोग्यसेविका (सौंदत्ती तालुका)

सरांचे शेवटचे वाक्य वाचून मला लिहावेसे वाटले, कारण दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जहाजात बसवलेल्या बायका मी नोकरीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

माघी पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर लाखो माणसे येतात. कोल्हापूर-सांगलीकडून येतात, गोव्यातून येतात, आपल्या बेळगाव-खानापुरातून बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर भरभरून येतात. त्यांतली बहुतेक भंडारा उधळतात, नैवेद्य दाखवतात, 'उदं गं आई उदं' म्हणतात आणि घरी जातात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण याच देवीच्या नावाने मुली सोडल्या गेल्या. घरात मुलगा होत नाही, कोणाला त्वचेचा आजार झाला, मुलीच्या केसांत गुंता झाला, अशा कारणांवरून दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची, की तिचे लग्न कायमचे संपले. पुढे तिच्या वाट्याला काय येई हे मी येथे लिहीत नाही. बेळगाव मुंबई प्रांतात होते तेव्हा, म्हणजे १९३४ मध्ये, या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तरीही या दुसऱ्या कायद्यानंतर माळ बांधल्या गेलेल्या स्त्रिया माझ्या ओळखीच्या आहेत.

आता प्रश्नकर्त्यांनी दिलेला हिशेब येथे लावून पाहू. श्रद्धा होती आईवडिलांची, आणि पुष्कळ वेळा ती अगदी खरी, कळवळ्याची श्रद्धा होती. मी त्यांना लबाड म्हणत नाही. ती चुकीची ठरली तर आईवडिलांचे काय गेले? एका विधीचा खर्च. मुलीचे काय गेले? त्या मुलीसमोर उभे राहून 'नसला तर तोटा काय' असे कोणालाही म्हणता येणार नाही.

म्हणून श्रद्धा चुकली तर किंमत कोण मोजणार, हा मला पहिला प्रश्न वाटतो, आणि खरेखोटेपणाचा प्रश्न त्याच्या मागून येतो. ज्याने स्वतःचे शरीर, स्वतःचा पैसा आणि स्वतःचा काळ पणाला लावला, त्याला चुकण्याचा अधिकार आहे, आणि तो चुकला तर त्याचे आयुष्य वाया गेले की नाही हे ठरवणारी मी कोण? पण दुसऱ्याचे आयुष्य पणाला लावायचे असेल, आणि तेही नाही म्हणण्याची ताकद नसलेल्या लेकराचे, तर आपले मानणे खरे आहे का हे तपासण्याची जबाबदारी येतेच. 'आमची श्रद्धा आहे' एवढे उत्तर तिथे पुरत नाही.

याची आणखी एक बाजू आहे, ती जट काढताना मला कळली. केस विंचरणे आणि धुणे थांबले, त्यांत तेल, घाम आणि धूळ मुरत गेली, की केस एकमेकांत घट्ट गुंतून दोरासारखे होतात, आणि मग फणी चालेनाशी होते. घरची माणसे म्हणतात, देवीची जट आली, आता पाणी लावू नको, कात्री लावू नको, हळदकुंकू वाहा. आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईची जट कमरेखाली आली होती. पावसाळ्यात ती भिजली की वाळत नसे आणि तिला घाण वास येई. मुळाशी उवा आणि फोड होते, वजनाने मान एका बाजूला कलली होती, आणि झोपताना जट उशाशी वेगळ्या फडक्यावर ठेवावी लागे. ती बाई डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला येत असे आणि म्हणत असे की डोके दुखते हीसुद्धा देवीचीच खूण आहे. चूक पकडण्याची प्रत्येक संधी अशा श्रद्धेत आधीच बुजवलेली असते.

ती जट शेवटी काढली. बाईला वाटत होते की कापताना रक्त येईल, आले नाही. मान हळूहळू सरळ झाली. पण त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या पाया पडायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या, जोगव्यात मिळणारे धान्य आटले, आणि लग्नकार्यात परडी भरण्यासाठी येणारे बोलावणे थांबले. त्या चुकीच्या समजुतीने तिची मान वाकवली होती, तशीच तिला गावात मानही मिळवून दिली होती आणि पोटाला आधार दिला होता. तो आधार खोटा नव्हता. जे चुकीचे असते ते निरुपयोगी असतेच असे नाही, हे मला त्या बाईकडे पाहून मान्य करावे लागते, आणि म्हणूनच एखादी समजूत काढून घेणाऱ्यावर तिच्या जागी काय येणार याचीही जबाबदारी असते असे मी मानते.

वेदगंगा (निपाणी तालुका)

आरोग्यसेविकाताईंचा निकष मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप शहापूरच्या सरांच्या मांडणीवर आहे. श्रद्धा चुकीची ठरली तरी वागणुकीतला लाभ शिल्लक राहतो, असे ते म्हणतात. पण हा लाभ श्रद्धाळू माणसाला हवा होता का, हे त्यांनी विचारले नाही.

आमचे कुटुंब जैन, शेती करणारे. शांतिसागर महाराजांचे भोज हे गाव आमच्यापासून जवळ आहे. अनेक शतके क्षीण झालेली दिगंबर मुनिपरंपरा ज्यांच्यामुळे पुन्हा उभी राहिली, त्या महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. त्यांची दृष्टी अधू झाली होती. चालताना पायाखाली जीव येतो का, आहारात जीव आहे का, हे दिसेनासे झाल्यावर मुनीचे अहिंसाव्रत शुद्ध राहत नाही, म्हणून त्यांनी क्रमाने अन्न आणि मग पाणी सोडले. आता जीव, कर्म आणि पुनर्जन्म हे सगळेच चुकीचे ठरले असे धरा. अशा वेळी कोणी म्हणाले की असू द्या, उपवासाने मनाला शिस्त लागते, शरीर हलके राहते, तर ते मला अपमानकारक वाटेल. आमच्या घरातल्या बायका पर्युषणात दशलक्षणाचे दहा दिवस उपवास करतात ते कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे जीवाला चिकटलेले कर्म झडून जावे म्हणून. पचन सुधारावे म्हणून नव्हे. कर्माची निर्जरा होतच नसेल, तर त्यांनी जे योजले ते साधले नाही, एवढे सरळ म्हणावे. श्रद्धा चुकली असे म्हणण्यात जो आदर आहे, तो तिला आरोग्याचा किंवा मन:शांतीचा उपाय ठरवून वाचवण्यात नाही.

तरीही आयुष्य वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि याचे कारण फायद्यात शोधणार नाही. आयझॅक न्यूटनने किमयेच्या प्रयोगांत आणि त्यांवरच्या लिखाणात अनेक वर्षे घातली. हलक्या धातूचे सोने होत नाही, त्या रीतीने तर नाहीच. त्याचा तो उद्योग फसला असे आपण म्हणतो, न्यूटनचे आयुष्य फसले असे म्हणत नाही, आणि याचे कारण केवळ त्याने गुरुत्वाकर्षणही मांडले हे नाही. किमयेतच त्याची सगळी वर्षे गेली असती, तरी जे त्याला सर्वांत महत्त्वाचे वाटले त्याच्या शोधात त्याने स्वतःच्या संमतीने, डोळे उघडे ठेवून स्वतःला झोकून दिले, हे कोणाला नाकारता आले नसते. उद्योग फसणे आणि आयुष्य वाया जाणे या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो.

संमतीचा मुद्दा मात्र आमच्याकडेही टाळता येत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना म्हणजे आत्महत्या असा निर्णय दिला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या वेळी आमच्या समाजाने मूक मोर्चे काढले आणि मीही त्यांत चाललो. पण पूर्ण शुद्धीवर असलेल्या मुनीचा निर्णय वेगळा, आणि अंथरुणाला खिळलेल्या, नीट बोलू न शकणाऱ्या आजीला घरच्यांनी व्रत देणे वेगळे. या दोन्हींना एकाच नावाने झाकू नये असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

वीणेकरी (बेळगाव तालुका)

'नसला तर तोटा काय' हे कीर्तनात सांगितले जाते, हे खरे आहे. पण तो वारकऱ्याचा विचार नाही आणि मी तरी तो कधी सांगत नाही. तुकोबांनी देवाजवळ मुक्ती, धन आणि संपत्ती नको म्हणून सांगितले, संतांचा संग मागितला आणि पुन्हा गर्भवासाला घातलेस तरी चालेल असे म्हटले. ज्याला पुढचे काही मिळवायचेच नाही त्याच्याशी नफ्यातोट्याची पैज कशी लावणार? नवसाची गोष्ट वेगळी; तिथे देण्याघेण्याचा व्यवहार असतो, आणि तुकोबांना नवसाविषयी काय वाटत होते हे सर्वांना ठाऊक आहे.

पण वेदगंगा यांचे म्हणणे टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विठ्ठल नाहीच असे मला उद्या निश्चित कळले, तर वाटेवरचे चालणे, अभंग, रिंगण, एका पंगतीत जेवणारी माणसे, हे सगळे तसेच राहील, आणि तरीही पंढरपुरात पोहोचून कोणाला भेटायचे ते उरणार नाही. भेट हाच वारीचा प्राण आहे. त्यामुळे चुकीचे ठरले तर काहीच जात नाही, असे मी म्हणणार नाही. पुष्कळ जाते, आणि जे जाते ते ज्याने भेट घेतली आहे त्यालाच कळते.

लावणीबद्दल एक सांगतो, कारण तो प्रश्न आमच्या दिंडीतही दर वर्षी निघतो. आमच्यातली काही मंडळी रोप लावायचे असते म्हणून आषाढीऐवजी कार्तिकीला जातात, आणि त्यांना कोणी कमी समजत नाही. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत आणि देवच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. घरची लावणी दुसऱ्याच्या कमरेवर टाकून आषाढीचाच हट्ट धरावा, असे आमच्या संप्रदायात कुठेही सांगितलेले नाही. आपल्या वडिलांना हे माझ्याकडून सांगितले तरी हरकत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. आरोग्यसेविकाताईंनी किंमत कोण मोजतो हे विचारायला सांगितले, म्हणून मी आईला विचारले. ती म्हणाली, 'दारूची ती वर्षं आणि लावणीचे हे पंधरा दिवस, यातलं काय घेतीस असं कुणी विचारलं असतं, तर लावणीच घेतली असती. पण मला कुणी विचारलं नाही कधी.' तिच्या या दोन वाक्यांतले दुसरे मला अधिक लागले, आणि वडिलांशी बोलायचे ते त्यावरच, असे मी ठरवले आहे.

वेदगंगा यांचे म्हणणे वाचून ताईंना एक विचारावेसे वाटते. त्या बाईची जट काढताना आपण तिला काय सांगितले? आधी तिची समजूत चुकीची आहे हे तिला पटले आणि मग ती तयार झाली, की कोपाची भीती घालवण्यासाठी आपण तिच्याच भाषेत काही सांगितले? चुकीची श्रद्धा काढण्यासाठी दुसरी चुकीची श्रद्धा वापरली, तर ते योग्य ठरते का?

आरोग्यसेविका (सौंदत्ती तालुका)

देवीची परवानगी आहे, मला स्वप्नात दिसली, असे काही मी सांगितले नाही. तसे सांगून काम लवकर होते हे मला माहीत आहे. पण मग उद्या दुसऱ्या कोणी येऊन देवीची परवानगी नाही असे सांगितले, तर त्या बाईजवळ उत्तर राहत नाही.

जटा काढणारे कार्यकर्ते पुष्कळदा म्हणतात की कोप झाला तर आमच्यावर होऊ द्या. मीही तसे म्हटले. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, 'तुला पोरं हायती न्हवं?' माझ्या दृष्टीने ते वाक्य म्हणायला सोपे होते, कारण मी कोप मानतच नाही. तिच्या दृष्टीने मी माझ्या पोरांचा जीव तिच्यासाठी पणाला लावत होते. हे तिला कळू न देता तिचा होकार घेणे मला योग्य वाटले नाही. म्हणून मी तिला सांगितले, की मावशी, मी कोप मानत नाही, त्यामुळे माझ्या धिटाईला तुम्ही फार मोल देऊ नका. केस हे केस आहेत, न धुतल्याने असे होतात, आणि तुमची मान याच वजनाने दुखते, एवढे मला खात्रीने सांगता येते. देवीचे काय ते तुम्ही ठरवा.

तिने लगेच होकार दिला नाही. पौर्णिमेला डोंगरावर जाऊन आली, देवीपुढे बसली, आणि मग एका सकाळी स्वतःहून केंद्रात आली. देवीवरचा तिचा विश्वास गेला नाही आणि तो घालवणे हे माझे कामही नव्हते. केसांबद्दलची एक समजूत तेवढी तिने सोडली. देवी आहे, पण तिला माझी मान मोडायची नाही, असे आता ती इतर बायकांना सांगते. हे तिचे म्हणणे खरे की खोटे, हे मी तिला विचारत नाही.

जोगवा थांबल्यावरचे महिने वाईट गेले. आम्ही दोघी-तिघींनी मिळून तिला रोजगार हमीच्या कामाचे कार्ड काढून दिले आणि माजी देवदासींच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. काम लगेच मिळाले, अर्जाला मात्र पुष्कळ खेटे घालावे लागले. आता ती मजुरीवर जाते आणि दर माघी पौर्णिमेला डोंगरावरही जाते. जाऊ नको असे तिला सांगण्याचे कारण मला दिसत नाही. त्या जाण्याचा खर्च ती स्वतःच्या कमाईतून करते, आणि तिच्या घरात दोन नाती असून तिने एकीच्याही हातात परडी दिलेली नाही.